घरात वाचणारं एक, ऐकणारे दहा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या उर्दू शाळेत पालकसभा होती. पालकसभा म्हणायचं, पण येतात सगळ्या आयाच. वडील मंडळी कामावर असतात. मी दरवर्षीचंच बोलले. मुलांना रोज पंधरा मिनिटं जवळ घेऊन बसा, गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवा, त्यानं भाषा सुधारते, मूल आईबापाला धरून राहतं. बी.एड.ला शिकलेलं आणि प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं सांगून झालं.

सभा संपल्यावर तिसरीतल्या एका मुलाची आई मागं थांबली. म्हणाली, "आपा, तुम्ही सांगता ते खरं. पण मला कुठं वाचता येतं? कुराणशरीफ वाचते, ते अरबीत. उर्दू म्हणाल तर अक्षराला अक्षर जोडत जावं लागतं. मराठी तर एस.टी.ची पाटीसुद्धा दुसऱ्याला विचारते. मग माझ्या पोराचं राहिलंच का?"

तिचा नवरा बांधकामावर असताना स्लॅबवरून पडला होता आणि तीन महिने अंथरुणावर होता, हे मला ठाऊक होतं. तिला मी काय उत्तर दिलं ते आता आठवतही नाही. "बघू, काहीतरी करू" असंच काहीतरी म्हटलं असेल. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपण जो सल्ला देतो, त्यात एक घर गृहीत धरलेलं असतं. त्या घरात आईबाप शिकलेले असतात, पुस्तकं असतात, मुलाला निजवताना वाचायला सवड असते. आपल्या बहुतेकांची घरं तशी नव्हती. तरीही आपल्या घरांत वाचन होतं, आणि भरपूर होतं. फक्त ते डोळ्यांचं कमी आणि गळ्याचं जास्त होतं. घरात वाचणारं एक असे आणि ऐकणारे दहा. आणि वाचणारं ते एक माणूस घरातलं सर्वांत मोठंच असायला हवं, असं बिलकुल नव्हतं.

जात्यापासून सुरुवात

आपल्या दख्खनची गोष्ट आधी घेऊ. मराठी बाई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच दख्खनमध्ये दख्खनी बोलणारी मुसलमान बाईही दळताना गात होती. विजापूरच्या सूफी परंपरेतून आलेली अशी गाणी हस्तलिखितांत सापडतात. जात्यावरचं चक्कीनामा, चरख्यावरचं चरखानामा आणि पाळण्याजवळचं लोरीनामा. रिचर्ड ईटन या इतिहासकारानं त्यांचा अभ्यास केला. दळण्याच्या, सूत काढण्याच्या कामातून अल्लाची आठवण कशी करावी, हे त्या गाण्यांत साध्या बोलीत सांगितलेलं असे. खानकाहमध्ये बसून फार्सी ग्रंथ वाचणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसांपर्यंत धर्म या गाण्यांतून पोचला, असं ईटन म्हणतात.

जरा डोळ्यांसमोर आणा. जात्याशी आई बसली आहे, मांडीवर किंवा शेजारी गोधडीत मूल आहे. मुलाच्या कानावर भाषा पडते आहे, लय पडते आहे, आईच्या श्वासासकट पडते आहे. हातात पुस्तक नाही, पण शिकणं चाललेलं आहे.

पुढं छापखाने आले. लखनऊला १८५८ मध्ये मुन्शी नवलकिशोर यांनी प्रेस काढला आणि उर्दू पुस्तकं स्वस्त झाली. 'दास्तान-ए-अमीर हमजा' या एकाच दास्तानचे ४६ खंड त्या प्रेसनं छापले. ही दास्तान मुळात ऐकायची गोष्ट. ती छापली गेली तरी मोठ्यानं वाचलीच गेली. घराघरांत मीलादची पुस्तकं आली, मोहरममध्ये मर्सिये आले, नवस फेडताना 'बीबी सय्यदा की कहानी' आली. ही कहाणी वाचावी की वाचू नये यावर उलेमांनी पुष्कळ वाद घातले आहेत, त्यात मी पडत नाही. मला दिसतं ते वेगळंच. मोहल्ल्यातली एखादी बाई वाचणारी असायची, तिला बोलावणं जायचं, चटईवर पंधरा-वीस बायका बसायच्या, आणि त्यांच्या पदराखाली, ओढणीखाली मुलं. शेजारच्या घरी चातुर्मासात पोथी लागायची तीही अशीच. एक वाचणार, बाकीचे ऐकणार. या बाबतीत आपण आणि आपले शेजारी एकाच शाळेत शिकलो.

तव्याची काजळी

अशा वाचणाऱ्या बाईचं वजन काय असे, ते बीबी अश्रफ यांच्या आयुष्यावरून कळतं. त्यांचा जन्म १८४० चा, उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातल्या एका सय्यद घराण्यातला. आई लहानपणीच गेली. मुलींना कुराण वाचायला शिकवलं जाई, पण लिहायला शिकवणं वाईट समजलं जाई. मुलगी लिहायला शिकली तर कुणाला काय लिहील, ही भीती. अश्रफ यांना मोहरमच्या मजलिशीत वाचले जाणारे उर्दू मर्सिये स्वतः वाचायचे होते. शिकवायला कुणी तयार होईना. मग त्यांनी तव्याची काजळी घेतली, तिची शाई केली आणि चोरून अक्षरं गिरवली. कुराणामुळे अक्षरओळख होतीच. तिच्या आधारानं त्या उर्दू वाचायला आणि लिहायलाही शिकल्या.

पुढं झालं असं की, ज्या बायकांना हे लिहिणं आक्षेपार्ह वाटायचं, त्याच आपली पत्रं लिहून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागल्या. नवरा परगावी नोकरीला, मनातलं कुणाला सांगायचं? वैधव्य आल्यावर बीबी अश्रफ लाहोरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. १९०३ मध्ये त्या वारल्या.

त्यांची ही हकीकत वाचताना मला आमच्या पालकसभेतली ती आई दिसत होती. कुराण वाचता येतं, उर्दू जुळवत जावं लागतं. म्हणजे बीबी अश्रफ जिथून निघाल्या, बरोबर त्याच पायरीवर ती उभी होती. आणि मी तिला 'न वाचणाऱ्यांत' मोजून मोकळी झाले होते.

एक बाप लिहितो, एक बाप जाळतो

दिल्ली कॉलेजात शिकलेले डेप्युटी नजीर अहमद १८५७ नंतरच्या पिढीतले. दिल्ली उजाड झालेली, जुनी घराणी विस्कटलेली. शिक्षण खात्यात आणि महसुलात नोकरी करणाऱ्या या माणसापुढं एक घरगुती अडचण होती : मुलींना वाचायला द्यायला घरात धड पुस्तक नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. मुली वाचत आणि पुढचं मागत. बाप लिहून देई. ते पुस्तक म्हणजे 'मिरातुल उरूस', उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांत मोजलं जाणारं. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची गोष्ट. मुलासाठी 'चंद पंद' लिहिलं.

शिक्षण खात्याचे संचालक केम्पसन दौऱ्यावर असताना त्यांना या घरगुती पुस्तकांचा सुगावा लागला, तो नजीर अहमद यांच्या लहान मुलाकडून. १८६९ मध्ये 'मिरातुल उरूस' छापून आलं आणि त्याला सरकारचं एक हजार रुपयांचं बक्षीस मिळालं. उर्दू कादंबरीची सुरुवात अशी घरच्या मुलांच्या वाचनातून झाली, ही गोष्ट आपण मुलांना सांगायला हवी.

याच नजीर अहमद यांनी १८७४ मध्ये 'तौबतुन नसूह' लिहिली. दिल्लीत कॉलऱ्याची साथ येते. नसूह नावाचा गृहस्थ मरता मरता वाचतो आणि घर सुधारायला निघतो. त्याचा थोरला मुलगा कलीम शायर, वाचनाचा शौकीन. बापाला ते पटत नाही. बाप मुलाची खोली उघडतो आणि त्याची पुस्तकं जाळून टाकतो. कलीम घर सोडतो. परततो तो जखमी होऊन, मरायला.

लेखकाला बापाची बाजू बरोबर दाखवायची होती, हे उघड आहे. पण दीडशे वर्षं वाचकांना वाईट वाटतं ते कलीमचं. मला या दोन पुस्तकांत एकाच लेखणीतून उतरलेले दोन बाप दिसतात. एक मुलांच्या वाचनासाठी लिहितो, दुसरा मुलाचं वाचन जाळतो. बाप म्हणून नजीर अहमद यांना जे सहज जमलं, ते त्यांच्या नसूहला जमलं नाही. नसूह उपदेश पुष्कळ करतो, पण कलीमच्या खोलीत बसून, "तू काय वाचतोस ते मला जरा वाचून दाखव", असं एकदाही म्हणत नाही.

गंमत पाहा, मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्ये बायकांनी कोणती पुस्तकं वाचू नयेत याची यादी आहे, आणि तीत 'मिरातुल उरूस'चंही नाव आहे. आणि याच 'बहिश्ती जेवर'ची सुरुवात मुळाक्षरांपासून, मुलींना लिहायला-वाचायला शिकवण्यापासून होते. कितीतरी घरांत ही दोन्ही पुस्तकं एकाच पेटीत राहिली. वाचायला शिकलेल्या मुलीनं दोन्ही वाचली.

आई गेली, गाणी राहिली

लाहोरच्या मुहम्मदी बेगम यांनी १८९८ मध्ये पती मुमताज अली यांच्यासह 'तहजीब-ए-निस्वाँ' हे बायकांचं साप्ताहिक सुरू केलं. त्या त्याच्या संपादक होत्या. बीबी अश्रफ यांची हकीकत जगापुढं आणली ती त्यांनीच. पुढं त्यांचं चरित्रही लिहिलं. १९०० मध्ये मुहम्मदी बेगम यांना मुलगा झाला, इम्तियाज अली. त्याला त्या लाडानं 'ताज' म्हणत. त्याच्यासाठी त्यांनी गाणी आणि लहान लहान पुस्तकं लिहिली, त्यांच्या नावांतही 'ताज' घातलं.

१९०८ मध्ये मुहम्मदी बेगम वारल्या. ताज आठ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, वडिलांनी मुलांसाठी 'फूल' हे साप्ताहिक काढलं. ते जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. (आपल्याकडे वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक १९०६ मध्ये सुरू केलं होतं. म्हणजे मराठी आणि उर्दू मुलांना आपापलं मासिक-साप्ताहिक साधारण एकाच वेळी मिळालं.) तो ताज मोठेपणी इम्तियाज अली ताज या नावानं लेखक झाला. आईनं ठेवलेलं लाडाचं नाव त्यानं जन्मभर आपल्या नावापुढं लावलं. त्याचं 'अनारकली' नाटक तुम्ही वाचलं नसेल, पण तीच अनारकली 'मुघल-ए-आझम'मध्ये तुम्ही पाहिली आहे.

आई गेल्यावर मुलाजवळ काय राहतं? दागिने वाटले जातात, कपडे विरतात. तिनं त्याच्यासाठी म्हटलेलं, वाचलेलं कानात राहतं. हे सिद्ध करायला मला संशोधनाची गरज वाटत नाही. आपल्या कोकणातल्या पालगडच्या साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली. सोळा वर्षांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. त्या पुस्तकाची रचना आठवा. प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रोज रात्री प्रार्थनेनंतर श्याम सांगतो आणि मित्र ऐकतात. तुरुंगात बसलेल्या माणसाला आईची आठवण लिहायची होती, तेव्हा त्याला सापडली ती बैठकच. एक सांगणार, बाकीचे ऐकणार. आमच्या घरी हे पुस्तक माझ्या अम्मीनं मला मराठीत वाचायला लावलं आणि स्वतः भाकऱ्या थापत ऐकलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं. रडायला मात्र येत होतं.

अब्बू खान की बकरी

डॉ. झाकीर हुसेन यांना आपण राष्ट्रपती म्हणून ओळखतो. दहा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. १९११ मध्ये प्लेगच्या साथीत आई गेली. १९२६ मध्ये जर्मनीहून परत येऊन त्यांनी जामिया मिल्लियाची धुरा घेतली, ती खडतर दिवसांत. तिथं त्यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, आणि त्या स्वतःच्या नावानं छापल्या नाहीत. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलीच्या, रुकय्या रेहानाच्या, नावानं छापल्या. बापाला आपल्या मुलीला जे वाचून दाखवता आलं नाही, ते तिच्या नावानं दुसऱ्यांच्या मुलांपर्यंत गेलं.

त्यातली 'अब्बू खान की बकरी' आपल्या मुलांना अजून आवडते. तिचं मूळ फ्रेंच लेखक दोदे यांच्या गोष्टीत आहे, पण ती अल्मोड्याच्या डोंगरात अशी रुजली की परकी वाटत नाही. म्हातारा अब्बू खान बकऱ्या पाळतो. त्या दोरी तोडून डोंगरावर पळतात आणि लांडगा त्यांना खातो. चांदनी नावाची बकरीही पळते. दिवसभर मोकळी हिंडते. संध्याकाळी लांडगा येतो. ती रात्रभर शिंगांनी झुंजते आणि पहाटे पडते. झाडावरची पाखरं भांडतात, जिंकलं कोण? सगळी म्हणतात, लांडगा. एक म्हातारी चिमणी मात्र म्हणते, चांदनी.

दादी म्हणाली, पुन्हा वाच

आता माझी आठवण. साल १९८८ च्या आसपासचं. आमच्या मोहल्ल्यातले निम्मे बाप आखातात. फोन नाही, पत्रं येत. चौथीत असताना मी आसपासच्या पाच-सहा घरांची 'खत वाचणारी' होते. बदल्यात खजूर मिळे, कधी चॉकलेट. मोठ्या माणसांची दुःखं मला त्या वयात वाचायला लागली, पण त्या घरांत माझी किंमतही होती.

एकदा अब्बांचं खत आलं. अम्मी, दादी, चाची, आम्ही भावंडं, सगळे बसलो. वाचता वाचता मी एका ओळीवर आले. कंपनीनं मुदत वाढवली आहे, या ईदला येणं होत नाही, आणखी दोन वर्षं. मी अम्मीकडे पाहिलं आणि ती ओळ गाळून पुढं गेले. "सगळं खैरियत आहे" असं वाचून टाकलं. दादीला एक अक्षर येत नव्हतं. पण तिनं सुपारी कातरणं थांबवलं आणि म्हणाली, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, या वेळी त्या ओळीसकट. कुणीच काही बोललं नाही. मग दादीनं सगळ्यांना जेवायला बसवलं आणि जेवताना अब्बांच्या लहानपणाच्या खोड्या सांगायला लागली. शेवटी अम्मीही हसली. ती बातमी एकटीनं मनात वाचायची वेळ अम्मीवर आली असती तर तिची रात्र कशी गेली असती, असा विचार मी नंतर अनेकदा केला. मोठ्यानं वाचलेलं दुःख सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं येतं. दादीनं मला खोटं वाचू दिलं नाही, आणि खरं वाचल्यावर एकटं सोडलं नाही. संकटात टिकून राहणं म्हणतात ते मी तिथं शिकले. बी.एड. फार नंतर झालं.

त्या आईचं पुढं काय झालं

त्या आईला मी आठवड्यानं बोलावलं आणि सल्ला उलटा करून दिला. म्हटलं, "तुम्ही वाचू नका. त्याला वाचायला लावा, आणि सगळ्यांनी ऐका. फक्त एक करा, तो वाचेल ते अब्बांच्या खाटेजवळ बसून वाचू दे." मुलगा अपघातापासून बापाच्या खोलीत जायला बिचकत होता, हे तिनंच मला सांगितलं होतं. बापही चिडचिडा झालेला, भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा. मी शाळेतून 'अब्बू खान की बकरी' दिली.

पहिले काही दिवस मुलगा अडखळायचा आणि बाप ऐकतोय की झोपलाय ते कळायचं नाही. एके दिवशी मुलगा एक शब्द चुकला आणि भिंतीकडे तोंड केलेल्या माणसानं तो दुरुस्त केला. पुढं त्या घरात चांगलाच वाद झाला म्हणे. दादीचं मत, बकरीनं मुकाट्यानं गोठ्यात राहायला हवं होतं. आईचं मत, अब्बू खाननं खिडकी नीट लावायला हवी होती. बापाचं मत मुलानं मला येऊन सांगितलं, "अब्बा म्हणाले, चांदनी जिंकली."

वाचनानं त्याचं कंबरेचं हाड जुळलं नाही. ते दवाखान्यानं आणि वेळेनं जुळलं. कर्जही तसंच राहिलं. पण मुलगा खाटेजवळ बसायला लागला. आई शेजारी बसून ओळीखालून बोट फिरवायला लागली, आणि आता ती उर्दू बऱ्यापैकी वाचते.

तेव्हापासून पालकसभेत मी वेगळं बोलते. घरात ज्याला वाचता येतं त्यानं वाचा, मग तो सहा वर्षांचा असो की साठ. उर्दू वाचा, मराठी वाचा, शाळेचं पुस्तक चालेल, वाण्याच्या पुडीचा कागद चालेल. मूल अडखळलं तर थांबा, हसू नका. ऐकणाऱ्यानं मोबाईल बाजूला ठेवा. आणि वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं घेऊ नका, ते आमचं काम आहे. तुम्ही फक्त बकरीनं काय करायला हवं होतं, यावर भांडा.